पोटाची साक्ष

मनुष्याच्या इतिहासांत दुष्काळांची नोंद आहे, धान्याच्या भावांची आहे, कोठारांची, कालव्यांची व सारा-सुटींची आहे; परंतु प्रत्यक्ष भुकेची नोंद फारशी कोठें आढळत नाहीं. भूक ज्याची त्यालाच कळते, आणि ज्याला ती कळते तो बहुधा लिहिणारा नसतो. त्यांतही तीन-चार वर्षांच्या मुलाची भूक म्हणजे सर्वस्वी मुकी. तें रडतें, हट्ट धरतें, किंवा कोपऱ्यांत निपचित पडून राहतें. त्यावरून काय ओळखावयाचें तें मोठ्यांनीं ओळखावें. अशा मुलास आपली भूक आपण ओळखण्यास व पोट भरल्याचें आपण जाणण्यास शिकवितां येतें काय, हा प्रश्न वरवर पाहणारास पोरकट वाटेल. जी गोष्ट वासरास कळते ती माणसाच्या पोरास काय शिकवावयाची, असेंही कोणी म्हणेल. परंतु चांदा मुलखाच्या गेल्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहूं लागल्यावर हा प्रश्न पोरकट तर नाहींच, उलट कित्येक मुलांच्या बाबतींत जीवन-मरणाचा आहे, अशी आमची खात्री झाली. ती कां झाली हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आज ज्यांस आपण चंद्रपूर व गडचिरोली म्हणतों ते दोन्ही जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते, आणि जुन्या दप्तरांत त्या सगळ्या मुलखास चांदा असेंच नांव आहे. वर्धा व वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते व ती सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते; पूर्वेकडून इंद्रावती येते. या नद्यांच्या आश्रयानें भाताचीं खाचरें, सागाचीं व बांबूचीं रानें, गोंड राजांचा जुना परकोट आणि माडिया-गोंडांचे विरळ टोले असा हा प्रदेश पसरला आहे. येथल्या माणसाचें पोट दोन ठिकाणांहून भरत आलें: शेतांतून व रानांतून. घरांतलें धान सरलें कीं मोहाचीं फुलें, तेंदूचीं व चाराचीं फळें, बांबूचे कोवळे कोंब आणि कंदमुळें यांवर दिवस निघत. शेतानें दगा दिला आणि त्याच वर्षीं रानानेंही हात आंखडला, म्हणजे मात्र मग कोणी वाली उरत नसे.

तसा प्रसंग १८९६-९७ सालीं आला, आणि ती जखम भरते न भरते तोंच १८९९-१९०० सालीं पुन्हा आला. १८९१ व १९०१ या दोन खानेसुमारींच्या दरम्यान या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, एवढ्यावरूनच त्या दशकाची कल्पना यावी. दुसऱ्या दुष्काळांत मध्य प्रांताच्या सरकारनें गांवोगांव शिजविलेल्या अन्नाचीं स्वयंपाकघरें उघडलीं, आणि मुलांस व अशक्तांस तेथें पंगतीला बसवून जेऊं घातलें. कोणास किती धान्य द्यावयाचें याचीं कोष्टकें दुष्काळ-संहितेंत होतीं. मुलांचे वयावरून वर्ग पाडलेले असत, आणि वर्गावरून वांटा ठरत असे. या कोष्टकांची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. हजारों तोंडांपुढें अन्न वाढावयाचें असलें म्हणजे माप हें लागणारच. आणि त्या मापानें जीं वांचलीं त्यांच्याच वंशजांमध्यें आज आपण वावरतों.

तथापि त्या कोष्टकानें राज्यकर्त्यांस एक संवय लावून दिली, आणि ती राज्यकर्ते बदलले तरी गेली नाहीं. भूक ही बाहेरून मोजावयाची वस्तु आहे, ही ती संवय. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलास दररोज ३०० उष्मांकांचा पूरक आहार ठरला. २००९ सालीं तो ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें इतका झाला, व अत्यंत कुपोषित मुलासाठीं ८०० उष्मांक ठरले. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्यानें हा आहार मुलाचा हक्कच झाला. अंगणवाडींत वजनकांटा आला, वाढीचा तक्ता आला, दंडाचा घेर मोजण्याची रंगीत पट्टी आली. हें सर्व आवश्यक होतें व आहे. मात्र या सगळ्या मोजमापांत एका साक्षीदारास कोणी बोलाविलें नाहीं. तो साक्षीदार म्हणजे स्वतः मूल.

येथें इतिहासाची एक गंमत वाचकांच्या लक्षांत आणून द्यावीशी वाटते. ज्या 'अंगणवाडी' या शब्दानें ही सरकारी योजना आज खेडोपाडीं ओळखली जाते, तो शब्द ज्यांच्या कार्यांतून आला त्या मंडळींची वाट अगदीं उलट होती. त्यांनीं मुलास मोजण्याच्या आधीं मुलास विचारलें. १९०७ सालच्या जानेवारींत रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें तीन-चार वर्षांचीं मुलें स्वतः मेज मांडीत, सूपाचें भांडें सांभाळून नेत व एकमेकांस वाढीत. हें वारें आपल्याकडे भावनगरास पोंचलें, आणि १९२० सालीं गिजुभाई बधेका यांनीं दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें. तेथेंच ताराबाई मोडक त्यांस येऊन मिळाल्या. ताराबाईंचें सासर अमरावतीचें, म्हणजे आमच्या वऱ्हाडचेंच. तेव्हां त्यांच्याविषयीं लिहितांना विदर्भीय माणसास थोडें आपलेपण वाटलें तर वाचक क्षमा करतील. १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढें १९४५ सालीं ताराबाई तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं आल्या, अनुताई वाघ त्यांस मिळाल्या, आणि १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें.

बोर्डीस त्यांस आढळलें कीं शाळा कितीही चांगली असली तरी गरीब वस्तींतलीं मुलें तिच्याकडे येत नाहींत. तेव्हां त्या स्वतःच वस्तींत गेल्या, आणि कोणाच्या तरी अंगणांत शाळा भरवूं लागल्या. हीच ती अंगणवाडी. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं कुरणावर शाळा नेली. या सगळ्यामागें एकच श्रद्धा होती: मूल जेथें आहे तेथून आरंभ करावा, आणि त्याला स्वतःला जें कळतें त्यावर विश्वास ठेवावा. माँटेसरीबाईंच्या पद्धतींत शांततेचा म्हणून एक खेळ आहे. सगळीं मुलें निश्चल बसतात, डोळे मिटतात, आणि एरवीं ऐकूं न येणारे बारीक आवाज ऐकतात. आम्हांस नेहमीं वाटतें कीं भूक ओळखावयास शिकणें हें याच खेळाचें एक पाऊल पुढचें रूप आहे. फरक इतकाच कीं कान बाहेर लावावयाचा नसून आंत लावावयाचा.

मुलाच्या या आंतल्या आवाजावर विसंबतां येतें काय, याचा शास्त्रीय शोधही त्याच काळांत सुरू झाला होता. १९२६ सालीं अमेरिकेंत डॉ. क्लारा डेव्हिस यांनीं नुकत्याच दूध सुटूं लागलेल्या तान्ह्या मुलांवर एक प्रयोग आरंभिला. एकंदर १५ मुलें. आणि पदार्थ ३४. त्यांत दूध, अंडीं, मांस, धान्यें, फळें व भाज्या होत्या. साखर किंवा गोडधोड मुळींच नव्हतें. दाईस आज्ञा अशी कीं तिनें पदार्थ सुचवावयाचा नाहीं, आग्रह करावयाचा नाहीं; मुलानें बोट दाखविलें तरच चमचा भरावयाचा, आणि त्यानें तोंड फिरविलें कीं थांबावयाचें. एकाही मुलाचें ताट दुसऱ्यासारखें नव्हतें. कोणी एका दिवशीं अंड्यांवरच तुटून पडे, तर कोणी फळांवर. तरीसुद्धां सगळीं मुलें धष्टपुष्ट झालीं. मुडदूस झालेल्या एका मुलानें कॉड माशाच्या यकृताचें तेल आपण होऊन घेतलें, आणि दुखणें बरें झाल्यावर तें सोडलें. १९३९ सालीं निष्कर्ष मांडतांना डेव्हिसबाईंनीं स्वतःच सांगितलें कीं या जादूचें मर्म पदार्थांच्या निवडींत होतें. काय वाढावयाचें तें मोठ्यांनीं ठरविलें होतें. त्यांतलें कोणतें व किती खावयाचें एवढेंच मुलाच्या हातीं होतें. आमच्या मतें या एका वाक्यांत सगळा विषय आला आहे.

हा आवाज जितका खरा तितकाच नाजूकही आहे. इलिनॉय येथें लीॲन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बालवाडीच्या वयाच्या मुलांचे दोन गट केले होते. एका गटास पोट रितें वाटणें व भरणें यांकडे लक्ष द्यावयास शिकविलें. दुसऱ्यास घड्याळाकडे, ताटांत काय उरलें आहे याकडे, आणि संपविल्यास मिळणाऱ्या बक्षिसाकडे. पहिल्या गटांतल्या मुलांनीं आधींचा खाऊ पौष्टिक असला तर पुढचा कमी खाल्ला, हलका असला तर अधिक खाल्ला. दुसऱ्या गटास तो फरकच कळेनासा झाला. आंतला आवाज बंद पाडावयास थोडे दिवस पुरतात, हें यावरून उघड झालें. तो पुन्हा जागा करतां येतो हेंही पुढें दिसलें. २००० सालीं सुसान जॉन्सन यांनीं २५ मुलांस सहा आठवडे हें शिक्षण दिलें. पोटांत कमी-अधिक भरण घातलेल्या बाहुल्या मुलांच्या हातीं देऊन रितें पोट, भरलें पोट व तट्ट फुगलेलें पोट हा भेद त्यांस दाखविला. शेवटीं जीं मुलें पूर्वीं जास्त खात तीं आणि जीं कमी खात तीं, अशीं दोन्हीं योग्य मापाच्या जवळ आलीं.

आतां एक आक्षेप, आणि तो हलका नाहीं. अमेरिकेंतल्या धष्टपुष्ट मुलांस थांबावयास शिकविणें ठीक; पण ज्या टोल्यांत दोन वेळचें जेवणच कठीण, तेथें मुलास 'पोट भरलें कीं थांब' असें शिकविणें ही क्रूर थट्टा नव्हे काय? आम्हांसही प्रथम असेंच वाटलें होतें. अधिक विचार केल्यावर मात्र या शिक्षणाची खरी गरज गरिबाच्या मुलासच अधिक आहे, असें दिसून आलें. त्याचीं तीन कारणें आहेत.

पहिलें कारण पोटाच्या आकाराचें. लहान मुलाच्या जठरांत त्याच्या वजनाच्या दर किलोमागें सुमारें ३० ग्रॅम अन्न मावतें. म्हणजे १० किलोच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं फार तर ३०० ग्रॅम. जठर ताणलें गेलें कीं तें 'पुरे' म्हणून सांगतें. भातशेतीच्या मुलखांत मुलास पातळ पेज पाजण्याची चाल आहे. तिनें पोट ताणलें जातें, पण तिच्यांत बळ थोडें. आईस वाटतें मूल जेवलें. मुलासही तसेंच वाटतें. आणि तासाभरानें तें पुन्हा किरकिरूं लागतें. रोवणीच्या दिवसांत किंवा उन्हाळ्यांतल्या तेंदूपानांच्या हंगामांत आई पहांटेच बाहेर पडते, व लहानग्यास मोठ्या भावंडाच्या स्वाधीन करून जाते. त्या दुसऱ्या किरकिरीचा अर्थ ओळखणारें मग घरांत कोणी नसतें. 'मला पुन्हा भूक लागली' एवढें वाक्य ज्या मुलास येतें, त्याचा एक घास तरी वाढतो.

दुसरें कारण अधिक गंभीर आहे. कुपोषण फार वाढलें कीं भूकच मरते. जें मूल सर्वांत अधिक उपाशी, तेंच जेवण मागत नाहीं. निसर्गाचा याहून निर्दय विपर्यास आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणूनच तीव्र कुपोषित मुलावर गांवांत उपचार करावे कीं त्यास रुग्णालयांत धाडावें, हें ठरवितांना आजचें वैद्यक वजन व दंडाचा घेर यांबरोबर भुकेची चाचणी घेतें. शांत जागीं आईच्या मांडीवर मुलास बसवितात, ठराविक प्रमाणांत पौष्टिक आहार पुढें ठेवितात, पाणी देतात, आणि बळजबरी न करतां तें खातें काय हें पाहतात. खाल्लें तर उपचार घराजवळ होऊं शकतात; तोंड फिरविलें तर रुग्णालय गांठावें लागतें. ज्या शासनानें शंभर वर्षें मुलाची भूक बाहेरून मोजली, तेंच शासन अशा रीतीनें अखेर मुलाच्या साक्षीपाशीं येऊन थांबलें आहे.

तिसरें कारण याच भूमींतलें आहे, आणि गडचिरोलीनें तें साऱ्या जगास शिकविलें. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग १९८६ सालीं या जिल्ह्यांत कामास आले. नवजात अर्भकांचे मृत्यु घरच्या घरीं कसे टाळतां येतील याचा प्रयोग त्यांच्या 'सर्च' या संस्थेनें ३९ खेड्यांत केला, आणि १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचा वृत्तांत आला. नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं उतरलें होतें. अर्भकाच्या अंगांत जंतुदोष भिनला आहे हें प्रयोगशाळेवांचून ओळखावयाचीं जीं लक्षणें खेड्यांतल्या आरोग्यदूत स्त्रियांस शिकविलीं होतीं, त्यांतील एक असें: काल नीट दूध ओढणारें मूल आज कमी ओढतें किंवा ओढेनासें झालें आहे. जन्मून चार दिवस न झालेलें बालकही आपल्या भुकेच्या द्वारें साक्ष देतें, आणि थोडेंच शिकलेली गांवची बाई ती वाचूं शकते. त्या वाचनानें मुलें वांचलीं. भूक ओळखणें ही चैनीची विद्या आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं हा वृत्तांत अवश्य पाहावा.

गेल्या हिंवाळ्यांत धानोऱ्याकडील एका टोल्यांतली अंगणवाडी पाहण्याचा योग आम्हांस आला. जेवणाची वेळ होती. सेविकेनें वाढण्यापूर्वीं मुलांस पोटावर हात ठेवावयास सांगितलें, आणि आंत काय म्हणतें आहे असें विचारलें. प्रश्न तिनें मराठींत केला व लागलीच मुलांच्या बोलींतही केला; कारण शाळेच्या भाषेंतला भुकेचा शब्द त्यांतल्या निम्म्यांस ठाऊक नव्हता. एका चिमुरडीनें खिचडीची दुसरी पळी नाकारली. आम्हीं मनांत म्हटलें, आतां हिला चुचकारतील. सेविका कांहींच बोलली नाहीं. तिनें भांड्यावर झांकण ठेविलें आणि वाट पाहिली. थोड्या वेळानें ती मुलगी आपण होऊन थाळी घेऊन आली. तेव्हां तिला वाढण्यांत आलें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें तेव्हांच्या आंध्र प्रदेशांतील ६० खेड्यांत आयांस असेंच, मुलाची खूण पाहून भरवावयास शिकविलें होतें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतावरून दिसतें कीं मुलांचा आहार तर वाढलाच, पण बुद्धीच्या वाढीच्या कसोटींतही तीं मुलें इतरांच्या पुढें गेलीं. प्राणहितेच्या पलीकडे जें सिद्ध झालें, तें अलीकडच्या तीरावर एक सेविका तो वृत्तांत न वाचतां करीत होती.

त्या दिवशीं परततांना आम्हांस आमचेंच घर आठवलें, आणि मान खालीं गेली. आमचा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराचा. तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी यांच्या गोष्टी ऐकत आम्हीं वाढलों. पानांत टाकूं नये, हा आमच्या आईचा दंडक होता, आणि त्या काळांत तो योग्यच होता. पुढें आम्हीं तो आपल्या मुलावर चालविला. भात संपेपर्यंत त्यास तासतासभर ताटापुढें बसवून ठेविलें. संपविल्यास गोळी, न संपविल्यास डोळे. तो रडत रडत गिळीत असे, आणि आम्हांस शिस्त लाविल्याचें समाधान होई. आज त्याच मुलाचें मूल, आमचा नातू, पुढें मोबाईलचें चित्र हललें नाहीं तर तोंड उघडत नाहीं. काऊ-चिऊच्या घासांत निदान आई मुलाच्या तोंडाकडे पाहत असे. आतां मूल चित्राकडे पाहतें, आई घड्याळाकडे पाहते, आणि पोटाकडे कोणीच पाहत नाहीं. उपाशी घरांतल्या मुलाचा आवाज दारिद्र्यानें दबतो. भरल्या घरांतल्या मुलाचा आमच्या मायेनें. आवाज मात्र दोन्हींकडे दबतोच.

यावर उपाय अवघड नाहीं, महागही नाहीं. आधीं थोडें वाढावें व मागितल्यास पुन्हा वाढावें. जेवणापूर्वीं आणि जेवण होतां होतां मुलास विचारावें, त्याच्या भाषेंत विचारावें, आणि मुख्य म्हणजे उत्तर आल्यावर तें मानावें. खाण्याचें बक्षीस नसावें व न खाण्याची शिक्षा नसावी. ताटांत सकस अन्न यावें ही जबाबदारी आईबापांची व समाजाची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत तर ती शासनाचीही. ती टाळून मुलाच्या शहाणपणावर भार टाकणें हा लबाडपणा होईल. परंतु ती पार पाडल्यावर पुढचा शब्द मुलाचा असूं द्यावा.

दुष्काळाच्या स्वयंपाकघरांत पंगतीला बसलेल्या त्या मुलांपैकीं कोणी आपल्या भुकेबद्दल काय सांगितलें असतें, हें आज कोणास कळणें नाहीं. त्यांना कोणी विचारलेंच नव्हतें, आणि त्या धांदलींत विचारण्यास कोणास सवडही नव्हती. आज आपणांस ती सवड आहे. धानोऱ्याकडच्या त्या सेविकेनें भांड्यावर झांकण ठेवून जी वाट पाहिली, तेवढी वाट पाहण्याचा धीर आम्हांस आमच्या घरच्या पंगतींत यावा, एवढीच आमची इच्छा आहे. आमच्या नातवाशीं त्याचा आरंभ आम्हीं केला आहे. परवां त्यानें पहिल्यांदाच आपण होऊन 'आजोबा, पुरे' म्हटलें, आणि आमचा हात पळीसह मागें आला.